घर आवरण्यापूर्वीची यादी

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्या दगडाचे एखादे जुने घर कायमचे बंद होते, तेव्हा चर्चा होते ती जमिनीच्या वाटणीची. माळ्यावर, माजघरात आणि कोठीत पिढ्यान्‌पिढ्या साठलेल्या वस्तूंचा प्रश्न मात्र शेवटच्या दोन दिवसांवर ढकलला जातो. पाश्चात्त्य देशांत निवर्तलेल्या माणसाच्या चीजवस्तूंची छाननी करून त्यांना नवा धनी मिळवून देणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे. कोकणात हे काम मे महिन्यात किंवा गणपतीत आलेल्या चाकरमान्यांवर, म्हणजे पोटापाण्यासाठी मुंबईला गेलेल्या घरच्याच माणसांवर पडते, आणि परतीचा दिवस ठरलेला असल्यामुळे तांब्याचे हंडे, पितळी घंगाळे, बंब आणि समया मोडीत जातात. मोडीत घालणे म्हणजे वस्तू निव्वळ धातूच्या वजनावर विकणे. या व्यवहारात घडणावळीला आणि वापराच्या ज्ञानाला काहीच मोल उरत नाही.

ही हानी किती खोल असते, हे धान्य मोजण्याच्या मापांवरून स्पष्ट होते. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी अशी ही चढती श्रेणी होती. जमीन कसणाऱ्या कुळाने खोताला, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराला, द्यावयाचे धान्य याच मापांनी मोजले जाई. 1949 च्या कायद्याने खोती संपुष्टात आली, 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली, आणि मापे माळ्यावर गेली. एकटी पायली दिवाणखान्यातील शोभेची वस्तू ठरते. चिपट्यापासून पायलीपर्यंतचा संच एकत्र राहिला, तर तो गावाच्या अर्थव्यवहाराचा पुरावा ठरतो.

कागदपत्रांची स्थिती याहून नाजूक असते, कारण मोडी लिपी वाचता न येणाऱ्या वारसांना ती रद्दी वाटते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1898 मध्ये प्रसिद्ध केलेला ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड वाईत मिळालेल्या जुन्या दप्तरावर उभा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे जुन्या पेटीतील कागद न वाचता जाळण्याचा अर्थ कळतो.

नवे घर शोधण्याच्या वाटा उपलब्ध आहेत. दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, वज्री यांसारख्या घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि त्यांतून पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे राहिले. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराने, 1864 पासूनच्या ग्रंथसेवेला जोडून, वस्तुसंग्रहालयही उभारले आहे. विक्री करावयाची असल्यास 1972 चा पुरावस्तूविषयक केंद्रीय कायदा माहीत असावा: त्यानुसार किमान शंभर वर्षे जुन्या कलावस्तू आणि किमान पंचाहत्तर वर्षे जुनी महत्त्वाची हस्तलिखिते पुरावस्तू ठरतात, त्यांच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत.

तथापि प्रत्येक हंडा संग्रहालयात जाऊ शकत नाही, आणि जाण्याची गरजही नाही. जो बंब शेजारच्या घरी रोज पेटतो, त्याला उत्तम घर मिळाले असेच म्हणावे लागेल. वस्तू कोठेही जावो, तिच्यासोबत तिचे स्थानिक नाव, तिचा वापर, घराचे गाव आणि ती हाताळणाऱ्यांची आठवण जाणे अत्यावश्यक आहे, कारण एवढी माहिती तुटली की वस्तू टिकूनही मुकी होते. म्हणून येत्या गणपतीत सारे कुटुंब एकत्र जमेल तेव्हा, भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी, घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला माजघरात बसवावे, एकेक वस्तू तिच्यासमोर ठेवावी आणि ती सांगेल ते वहीत उतरवून घ्यावे.