कुंपणाबाहेर लोटलेले पाणी

कृष्णा-पंचगंगेच्या काठी राहणाऱ्या सांगली-कोल्हापूरकरांना महापुराची कारणे शोधावयाची झाल्यास घाटमाथ्यावरील अतिवृष्टी, कोयनेचा विसर्ग, अलमट्टीची पातळी अशा दूरस्थ गोष्टींकडे तरी बोट दाखविता येते. हुबळीच्या नागरिकास ती सोय नाही. हुबळी-धारवाड हे जुळे शहर जलविभाजकाच्या माथ्यावर वसले आहे. धारवाडात उगम पावणारी शाल्मला बेडतीला मिळून गंगावळी या नावाने पश्चिम समुद्रास जाते, तर बेण्णीहळ्ळ आणि तुप्परीहळ्ळ हे ओढे पूर्वेकडे वाहत मलप्रभेला व तिच्याद्वारे कृष्णेला मिळतात. परमुलखाचे पाणी वाहून आणणारी मोठी नदी या शहरातून जात नाही. तेव्हा वळवाच्या वा आषाढाच्या एखाद्या सरीत येथील रस्त्यांवरून जो लोंढा वाहतो, तो जवळजवळ सर्वस्वी आपल्याच गच्च्यांवर, अंगणांत आणि आसपासच्या माळांवर पडलेल्या पावसाचा असतो. 2019 च्या ऑगस्टात उणकल तलाव भरून वाहू लागला आणि नाल्याकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा दोष नाल्याला दिला गेला. नाल्यात पाणी कोणी लोटले, हे फारसे कोणी विचारले नाही.

हुबळीतील देशपांडे नगर ही वसाहत मराठी रसिकाला सवाई गंधर्व कलामंदिरामुळे आणि गंगूबाई हनगल यांच्या वास्तव्यामुळे परिचित आहे. अशा जुन्या वसाहतींत घराभोवती मोकळी माती, दोन-चार झाडे आणि एखादा आड असे. पागोळ्यांचे पाणी त्या मातीत पडे, मुरे आणि जे उरे तेवढेच सावकाश बाहेर जाई. आता जुना इमला पाडून तेथे अनेक मजली इमारत उठते, वाहनांसाठी हद्दीपासून हद्दीपर्यंत काँक्रीट वा फरशी केली जाते, आणि गच्चीच्या नळ्यांची तोंडे सरळ रस्त्याकडे काढून मालक निश्चिंत होतो. साठ फूट बाय चाळीस फुटांच्या भूखंडावर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे साडेपाच हजार लिटर, म्हणजे टँकरभर पाणी होते. पूर्वी ज्याचा मोठा भाग जमीन पिऊन टाकीत असे, ते आता घटकाभरात, जवळजवळ सगळेच्या सगळे, फाटकाबाहेर येते. वर रस्त्याचे जुने डांबर न खरवडता थरावर थर चढविले जातात, त्यामुळे पूर्वी रस्त्यापेक्षा उंच असलेले जोते कालांतराने त्याच्या पातळीला येते आणि शेजारच्या नव्या इमारतीचे पाणी जुन्या घराच्या ओसरीत शिरते.

या प्रश्नावर कायद्याने मौन धारण केले आहे, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. 1882 चा सुविधाधिकारांचा कायदा 1891 मध्ये मुंबई इलाख्यास लागू झाला, आणि त्या वेळी धारवाड जिल्हा त्याच इलाख्यात होता. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी स्वाभाविक उताराने खालच्या जमिनीवर जाऊ देणे खालच्या मालकावर बंधनकारक आहे, हे त्या कायद्याच्या सातव्या कलमाखालील उदाहरणात स्पष्टपणे नमूद आहे. परंतु वरच्या मालकाचा हा हक्क स्वाभाविकपणे वाहणाऱ्या पाण्यापुरता आहे. गच्चीवरचे सारे पाणी गोळा करून एका नळीने शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडणे यात स्वाभाविक असे काय आहे? तसे करणारास वहिवाटीचा आधार घेता येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि खालच्या मालकानेही उताराची वाट भिंत घालून बुजविली, तर त्यालाही दाद मागण्याचे तोंड राहत नाही. बांधाला सांड कोठे ठेवावी, हे ज्या प्रदेशातील शेतकरी एकमेकांशी बोलून ठरवीत आले, त्याच प्रदेशातील सुशिक्षित शहरवासी कुंपणापाशी पोहोचताच परस्परांशी बोलेनासे व्हावेत, ही खेदाची गोष्ट आहे.

उपाय अवघड नाहीत, पण ते मातीचा स्वभाव ओळखून करावे लागतात. हुबळीच्या भोवतालची काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पायाशी पाणी मुरू दिले की भिंतींना तडे जातात. म्हणून जोत्याभोवती फरसबंदी करून तिला फुटामागे पाव इंच तरी बाहेरचा उतार द्यावा, आणि शोषखड्डा पायापासून चांगला दूर घ्यावा. निव्वळ काळ्या मातीत तो खड्डा लवकर तुंबतो. तेथे हौद बांधून गच्चीचे पाणी साठविणे आणि हौद भरल्यावर उरलेलेच गटारात सोडणे अधिक शहाणपणाचे. सर्वांत मोठी कसूर मात्र ही की, अनेक घरांत पावसाची नळी गुपचूप मैल्याच्या चेंबरला जोडलेली असते. भुयारी गटार त्या भारासाठी बांधलेलेच नसल्याने पावसात मैला झाकणे उचलून रस्त्यावर येतो, आणि सखल भागातील गरिबाच्या न्हाणीत उलटा चढतो. हा अपराध करणारास तो दिसत नाही, कारण तो उंचावर राहतो.

आणि पावसाचे पाणी असे वाया घालविणे कोणत्या शहरात घडते? ज्या शहराला पिण्याचे पाणी दूरच्या सौंदत्तीजवळील रेणुकासागरातून उपसून आणावे लागते, ज्याच्या अनेक पेठांनी वर्षानुवर्षे कित्येक दिवसांच्या अंतराने येणाऱ्या नळाची वाट पाहिली, त्या शहरात. बंगळूरने 2009 मध्ये चाळीस बाय साठच्या आणि त्याहून मोठ्या घरांना पर्जन्यजल-संचयाची सक्ती केली. आपल्याकडे अशा विषयाची चर्चा बहुधा पाणी ओसरेपर्यंतच टिकते.

1962 मध्ये या जुळ्या शहरासाठी स्थापन झालेल्या महानगरपालिकेस माझी विनंती आहे की, बांधकामाच्या नकाशात पावसाच्या पाण्याची वाट रेखाटलेली असल्याखेरीज परवाना देऊ नये, आणि ती वाट प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. रस्ता नव्याने करताना जुना थर खरवडण्याची अट कंत्राटात घालावी. देशपांडे नगरातील व अन्य वसाहतींतील घरमालकांनी मात्र त्या हुकुमाची वाट पाहू नये. मृग लागण्यापूर्वी शेजाऱ्याला सोबत घेऊन गच्चीच्या नळ्यांची तोंडे कोणीकडे आहेत ते पाहावे, चेंबरला जोडलेली नळी त्याच दिवशी तोडावी, आणि अंगणाची निदान चौथाई जमीन उघडी ठेवावी.