मैदान की महाविद्यालय?

दहावीचा निकाल लागला की खेळाडूच्या घरात एक प्रश्न ठाण मांडून बसतो : आता खेळ की अभ्यास? पहाटे सराव, सायंकाळी सराव आणि मध्ये 75 टक्के उपस्थितीची अट. या ओढाताणीत बहुतेक घरांतून मैदानालाच रामराम ठोकला जातो. मुलींच्या बाबतीत तर जरा लवकरच. पालकांची भीती निराधार नाही. एकोणिसाव्या वर्षी गुडघा दुखावला आणि हाती पदवी नसली, तर त्या मुलाने करायचे काय?

पर्याय आहेत, ते घरोघरी पोहोचलेले नाहीत. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून रोजच्या वर्गाविना बारावी करता येते. पुढे नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. 2018 च्या कायद्याने मणिपुरात स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठात क्रीडा प्रशिक्षणाची पदवीही मिळते.

कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे क्रीडा प्रबोधिनीत घडला, 2015 मध्ये रेल्वेत लागला आणि 2024 मध्ये पॅरिसहून नेमबाजीचे कांस्यपदक घेऊन आला. खाशाबा जाधवांच्या 1952 च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक यायला तब्बल 72 वर्षे लागली!

राज्य मंडळ खेळाडूंना सवलतीचे गुण देते. गुण देणे सोपे असते. खेळाडूला हवा असतो तो वेळ : स्पर्धेमुळे हुकलेल्या परीक्षेची दुसरी तारीख आणि बुडालेली प्रात्यक्षिके भरून काढण्याची मुभा. एवढे तर कोणत्याही कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्राचार्यांना येत्या जूनपासून करता येईल.