झुडपामागे कोण आहे?

मुलांनो, श्रावणबाळाची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. आंधळ्या आईवडिलांना कावडीत बसवून तो तीर्थयात्रेला निघाला होता. त्यांना तहान लागली, म्हणून तो शरयू नदीवर घडा भरायला गेला. रात्रीची वेळ. घडा बुडबुडला. शिकारीला आलेल्या दशरथाला वाटलं, हत्ती पाणी पितोय. नुसत्या आवाजावर बाण मारता येतो, याचा त्याला मोठा अभिमान होता. बाण सुटला आणि श्रावणबाळाला लागला.

ही गोष्ट आपण श्रावणबाळाच्या भक्तीसाठी सांगतो. आज मात्र दशरथाबद्दल बोलू या. त्याचा नेम चुकला नव्हता बरं का! नेम अगदी बरोबर बसला होता. चुकला होता तो अंदाज.

तुम्ही म्हणाल, बाई, ही झाली पुराणातली गोष्ट. पण अशीच एक घटना आपल्या पालघर जिल्ह्यात घडली, तीही २०२५ साली. विरार फाट्यावरून महामार्गाने अहमदाबादच्या दिशेला निघालं की पुढे मनोर लागतं. त्या मनोर परिसरातल्या बोरशेतीच्या जंगलात जानेवारीच्या अखेरीस काही गावकरी रानडुकराच्या शिकारीला गेले. सगळे ओळखीचे, एकमेकांच्या सोबतीने निघालेले. जंगलात ते पांगले. त्यातल्या एकाला वाटलं, समोर डुक्कर आहे. त्याने गोळी झाडली. समोर डुक्कर नव्हतं, आपलाच सोबती होता. तो गेला.

पेपरात ही बातमी वाचून पुष्कळ जण म्हणाले, ‘माणूस आणि डुक्कर यांतला फरक कळत नाही का?’ मुलांनो, असं हसण्यावारी नेऊ नका. ही चूक कशी होते ते समजून घ्या.

आमच्या वर्गात दुसरीची मुलं धडा वाचतात. घाईत असलेलं मूल ‘पा’ एवढंच बघतं आणि ‘पाणी’ वाचून मोकळं होतं. पुस्तकात असतं ‘पान’. डोळ्यांनी एक अक्षर पाहिलेलं असतं, उरलेलं मनाने जोडलेलं असतं. आपलं मन असंच काम करतं. ज्याची वाट बघतो, तेच आधी दिसतं. बसची वाट बघत असलो की लांबून येणारा टेम्पोही बसच वाटतो. त्यात अंधार असेल तर आणखी पंचाईत, कारण अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. शिकाऱ्याच्या मनात डुक्कर असतं. मग झुडूप हललं, पाचोळा वाजला की उरलेलं डुक्कर मनच तयार करतं.

वाचनातली चूक खोडरबराने पुसता येते, बस नसेल तर उचललेला पाय खाली ठेवता येतो. सुटलेली गोळी परत घेता येत नाही.

म्हणून जगभर बंदूक शिकवताना काही नियम आधी घोटून घेतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. तिचं तोंड कधीही माणसाकडे करायचं नाही, गमतीनेसुद्धा नाही. नेम धरेपर्यंत बोट घोड्यावर ठेवायचं नाही. आणि समोर काय आहे व त्याच्या मागे काय आहे, याची पूर्ण खात्री झाल्याशिवाय गोळी झाडायची नाही. अमेरिकेत शिकारीला परवानगी आहे, तिथल्या अनेक राज्यांत शिकाऱ्यांना भडक नारिंगी कपडे घालावे लागतात. हरणाला तो रंग आपल्याइतका भडक दिसत नाही, पण सोबत्याला लांबून दिसतो.

आपल्याकडे तर हे सगळं व्हायलाच नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. परवान्याशिवाय बंदूक बाळगणं हाही गुन्हा आहे. रानडुकरं भातशेतीची नासाडी करतात हे खरं, शेतकऱ्याच्या पोटात तुटतं हेही खरं. पण त्यासाठी वनखात्याकडे अर्ज करून भरपाई मागता येते.

आता बोरशेतीच्या घटनेतला दुसरा भाग सांगते. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा दुःखाचा आहे. गोळी लागल्यावर सोबत्यांनी पोलिसांना कळवलं नाही. घाबरून त्यांनी मृतदेह झुडपांत लपवला. घरची माणसं वाट बघत राहिली. काही दिवसांनी पोलिसांना सुगावा लागला आणि अटक झाली.

पहिली चूक एका क्षणाची होती. दुसरी चूक पुढचे कित्येक दिवस, रोज सकाळी उठून नव्याने केलेली होती.

इथे दशरथाकडे पुन्हा बघा. तोही राजा होता, रात्र होती, कुणी पाहिलं नव्हतं. तो निघून जाऊ शकला असता. पण तो श्रावणबाळाजवळ धावत गेला. पाण्याचा घडा घेऊन आंधळ्या म्हाताऱ्यांसमोर उभा राहिला आणि आपण काय केलं ते त्याने स्वतः सांगितलं. शाप मिळाला, तो त्याने सोसला.

११ फेब्रुवारी २००६ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीला गेले होते. उडत्या पक्ष्यामागे ते वळले आणि छर्रे लागले ते सोबतच्या ७८ वर्षांच्या गृहस्थांना, चेहऱ्यावर आणि छातीवर. चेनींबरोबर वैद्यकीय पथक होतं, तिथल्या तिथे उपचार सुरू झाले आणि ते गृहस्थ वाचले. लोकांपर्यंत बातमी दुसऱ्या दिवशी पोचली, म्हणून चेनींवर खूप टीका झाली. पुढे टीव्हीवर त्यांनी मान्य केलं की घोडा आपणच ओढला, दोष दुसऱ्या कुणाचा नाही.

तुमच्या हातात बंदूक नाही. पण गलोल असते, दिवाळीत रॉकेट असतं, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅट असते. बॅट फिरवण्याआधी मागे कोण उभं आहे ते बघा. बाटलीतलं रॉकेट कुणाच्या खिडकीकडे झुकलंय का ते बघा. आणि कुठे नातेवाइकाकडे बंदूक दिसली, तर हात लावू नका. ‘रिकामी आहे रे’ असं कुणी म्हणालं तरी नाही.

एवढं करूनही मित्राला लागलं, तर पळू नका. जवळच्या मोठ्या माणसाला लगेच हाक मारा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२ हे आकडे पाठ असू द्या. आपल्याला मार बसेल ही भीती वाटेलच, पण तोवर मित्राचं रक्त वाहत असतं.

आणि पालकहो, एक विनंती तुम्हांला. मूल धापा टाकत येऊन ‘माझ्यामुळे त्याला लागलं’ म्हणालं, तर आधी त्या दुसऱ्या मुलाकडे धाव घ्या. रागवायचं ते संध्याकाळी रागवा. खरं सांगितल्याबरोबर थप्पड बसली, तर पुढच्या वेळी ते मूल सांगायला येणार नाही.

— तुमच्या बाई