न विचारता लिहिलेला बायोडेटा

बायोडेटा पैसे देऊन लिहून घ्यावा का, असं मला हल्ली फार जण विचारतात. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या मुलांचे आईवडील विचारतात, कधी मुलं स्वतः विचारतात, कधी मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरीला लागू पाहणाऱ्या बायका. भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात माझी उमेदीची सगळी वर्षं गेली. भरती निघाली की टेबलावर अर्जांचा ढीग पडायचा. पुढे तो मोबाइलमध्ये येऊ लागला. त्या अनुभवावर माझं उत्तर ठाम आहे. जरूर लिहून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण लिहिणारा तुमच्याशी तासभर बोलायला तयार नसेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

हे इतकं ठासून सांगायला कारण आहे. व्हीएमसी मशिनच्या ऑपरेटरच्या जागेसाठी जुन्नरकडचा एक मुलगा मुलाखतीला आला होता. आयटीआय मशिनिस्ट, अप्रेंटिसशिप पूर्ण, नंतर एका लहान वर्कशॉपमध्ये काम. बायोडेटा चकचकीत, दोन रंगांत, इंग्रजीत. पहिल्याच ओळीत तो ‘परिणामाभिमुख उत्पादन व्यावसायिक’ होता आणि पुढे त्याने ‘बहुआयामी संघांचं नेतृत्व’ वगैरे केलेलं होतं. मी विचारलं, ‘अरे, किती माणसं होती तुझ्या हाताखाली?’ तो गप्प. मग म्हणाला, ‘मॅडम, हे मी नाही लिहिलं. पैसे देऊन करून घेतलंय. त्यांनी सांगितलं, असंच लिहितात.’

आमच्या प्रॉडक्शनच्या साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘मशिनवर काय लावतोस ते सांग.’ मुलगा खुलला. ॲल्युमिनियमचं पातळ भिंतीचं हाउसिंग. पार्ट फिक्स्चरमध्ये असताना बोअर गेज अगदी बरोबर माप दाखवायचा आणि क्लॅम्प सोडला की तोच बोअर अंडाकृती व्हायचा. सगळे टूलला दोष देत होते, इन्सर्ट बदलून झाले, ऑफसेट देऊन झाला. याने एकच पार्ट आधी बांधलेला असताना मोजला, मग सोडून मोजला, आणि सुपरवायझरला दाखवलं की आपण पार्ट फार आवळतोय, भिंत दबतेय, सोडल्यावर ती परत फुलतेय. मग फिनिश कटच्या आधी क्लॅम्प थोडा ढिला करायची पद्धत तिथे सुरू झाली. हे सांगताना त्याचे दोन्ही हात हवेत ते हाउसिंग धरून होते. साहेबांनी त्याला पुढे फारसं काही विचारलंच नाही.

आता यातलं एक अक्षर त्या छापील कागदावर नव्हतं. पैसे घेणाऱ्याने त्याला ‘तू रोज काय करतोस?’ एवढं जरी विचारलं असतं, तरी हे बाहेर आलं असतं. विचारलंच नाही. नाव, शिक्षण, फोन नंबर व्हॉट्सॲपवर मागवून घेतले आणि बाकीचा मजकूर तयार साच्यातून ओतला. ही मुलं साहेबांपुढे बसतात तेव्हा त्यांच्या हातात त्यांचं स्वतःचं काहीच नसतं. त्यांना त्यांच्याच कागदाची भीती वाटते. हा मुलगा नशीबवान, त्याला तोंडी विचारणारा माणूस भेटला. बाकीच्यांचे कागद चाळणीतच गळतात, कारण सगळे एकसारखे दिसतात.

एकसारखे म्हणजे शब्दशः एकसारखे. नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या प्रगतीला हातभार लावणे, हे ध्येय मी किती अर्जांवर वाचलं असेल! खाली वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, छंदात वाचन आणि क्रिकेट, आणि शेवटी ‘वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. खासगी कंपनीत यातल्या कशाचीही कुणाला गरज नसते. कॉलेजच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत ‘बायोडेटा बनवून मिळेल’ अशी पाटी असते. तिथे बऱ्याचदा आधीच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडून नाव बदलतात. दोन वेगवेगळ्या मुलांच्या बायोडेटात एकच प्रोजेक्ट, त्याच स्पेलिंगच्या चुकांसकट, मी पाहिला आहे. एकाच्या कागदावर तर ई-मेल आधीच्या मुलाचाच राहिला होता. मुलाखतीचं पत्र गेलं कुठे, हे त्याला कधी कळलंही नसेल. दुकानदाराला मी फार दोष देत नाही, तो टायपिंगचे पैसे घेतो आणि टायपिंग करून देतो. राग येतो तो काही हजार रुपये घेऊन, ‘तज्ज्ञ’ म्हणवून तेच करणाऱ्यांचा.

दुसऱ्याकडून लिहून घेणं ही आपल्याकडे जुनी आणि अब्रूची गोष्ट आहे. मुंबईच्या जीपीओसमोर ताडपत्रीखाली बसणारे पत्रलेखक ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हे वेगळं सांगायला नको. लिहिता न येणारा हमाल, गिरणीतला कामगार त्यांच्यासमोर बसायचा, ते त्याची मनीऑर्डर भरायचे, गावाकडचं पत्र लिहायचे. पण आधी विचारायचे. पैसे कुणाच्या नावाने, किती, कशासाठी, आईची तब्येत कशी आहे, पोराला शाळेत घातलं का. पत्रातला शब्द लेखकाचा असला तरी निरोप त्या माणसाचाच असायचा.

नोकरीच्या अर्जांच्या इतिहासात ज्याचं नाव कायम घेतात तो अर्जही अर्जदाराच्या हातचा नसावा, असं अभ्यासक मानतात. १४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुदोव्हिको स्फोर्झा याच्यासाठी तो तयार केला. त्याचा मसुदा ‘कोडेक्स आटलांटिकस’ या संग्रहात मिलानमध्येच जपलेला आहे. लिओनार्दो आपल्या वह्यांत उजवीकडून डावीकडे, उलटं लिहायचा. हा मसुदा मात्र डावीकडून उजवीकडे, दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरात आहे. मजकूर वाचला की कळतं, सांगणारा तोच. झटकन उभारता-हलवता येणारे पूल, वेढ्यात खंदकातलं पाणी काढण्याच्या युक्त्या, तोफा, झाकलेली युद्धवाहनं, असं एकेक मुद्देसूद. शांततेच्या काळातली बांधकामं, शिल्प आणि चित्रकला अगदी शेवटी. ज्याच्याकडे काम मागायचं त्याला युद्धाची चिंता आहे, हे ओळखून त्याने आपली कोणती विद्या आधी सांगायची ते ठरवलं. असा लेखनिक मिळाला तर जरूर पैसे द्या.

आता ‘एटीएस’विषयी, कारण त्याच्या नावावर सध्या फार भीती विकली जाते. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी या नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. ते तुमच्या फाइलमधला मजकूर उचलून नाव, शिक्षण, अनुभव अशा रकान्यांत भरतं, आणि भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. बहुतेक ठिकाणी इतकंच. तुमची फाइल दोन रकान्यांची असेल, टेबलं, चित्रं, रंगीत पट्ट्या असतील, तर मजकूर उचलताना त्याची सरमिसळ होऊ शकते. म्हणून साधी, एका रकान्याची फाइल करा. जाहिरातीत सीएमएम (मोजमापाचं मशिन) लिहिलं असेल आणि तुम्ही सीएमएम चालवलं असेल, तर तोच शब्द लिहा. यासाठी कुणाला जादा पैसे मोजायची गरज नाही. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक लहान कारखान्यांत तर हे सॉफ्टवेअर नसतंच. तिथला माणूस जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर तुमची पीडीएफ उघडतो. पहिल्या स्क्रीनवर काय दिसतं, ते महत्त्वाचं.

चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरात आलं, तेव्हापासून फुकटात सुबक इंग्रजी मिळू लागलं. व्याकरण सुधारलं हे चांगलंच झालं. पण तेही तुम्ही सांगाल तेवढंच जाणतं. काही न सांगता मागितलंत, तर त्या जुन्नरच्या मुलाला मिळाला तसाच ‘परिणामाभिमुख’ कागद हातात येईल.

लिहून देणारे कधी कधी त्यापुढेही जातात आणि खोटं लिहितात. इथे मला गप्प बसवत नाही, कारण पकडला जातो तो अर्जदार. वर्षाचा अनुभव तीन वर्षांचा केला, कंपनी सोडल्याची तारीख पुढे ढकलली, असं सर्रास होतं. २०१४पासून प्रॉव्हिडंट फंडाला यूएएन हा क्रमांक आला. पीएफ कापला जात असेल, तर तुम्ही कुठल्या कंपनीत कधी लागलात आणि कधी सोडलंत, हे त्या एका क्रमांकाखाली दिसतं. नव्या कंपनीत रुजू होताना तोच क्रमांक द्यावा लागतो. ऑफर लेटर हातात पडल्यावर, जुनी नोकरी सोडल्यावर तारखा जुळत नाहीत म्हणून परत गेलेली मुलं मी पाहिली आहेत. घरी सांगायचं काय, हा त्यांच्या चेहऱ्यावरचा प्रश्न अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हा त्या लेखकाचा फोन लागत नसतो.

बायकांच्या बाबतीत हा खोटेपणा मला आणखी सलतो. माझ्या ओळखीच्या एका बी.कॉम. झालेल्या बाईंनी मूल झाल्यावर नोकरी सोडली होती. पुन्हा अर्ज करायची वेळ आली तेव्हा पैसे घेऊन बायोडेटा करून देणाऱ्याने मधल्या वर्षांत ‘स्वतंत्र सल्लागार’ असं ठोकून दिलं. मला म्हणाल्या, ‘ताई, कुणी विचारलं कसला सल्ला, तर काय सांगू?’ आम्ही बोलायला बसलो. बोलता बोलता निघालं की त्या गल्लीतल्या बचत गटाच्या सचिव होत्या. मासिक बचतीची नोंद, अंतर्गत कर्जाचे हप्ते, व्याजाचा हिशेब, बँकेत जाऊन गटाचं कर्ज मंजूर करून आणणं, ऑडिटला वही दाखवणं, सगळं यांच्याकडे. ‘ते काय, घरचंच काम,’ म्हणत होत्या. मी म्हटलं, ‘हेच लिहा.’ मधल्या काळात घरच्या जबाबदारीमुळे नोकरी केली नाही, असं एका ओळीत सरळ लिहिलं, खाली बचत गटाचं काम तपशिलात. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेला याहून चोख कागद कुठला हवा? नोकरीत पडलेला खंड ही शरमेची बाब आहे, असं या लेखकांनीच बायकांच्या मनात भरवून दिलं आहे. मला त्याची चीड आहे.

पण सगळा दोष लिहिणाऱ्यांवर टाकून चालणार नाही. हा बाजार उभा राहिला तो आमच्यासारख्या भरती करणाऱ्यांमुळे. मशिनवर उभ्या राहणाऱ्या माणसाकडून आम्ही इंग्रजी बायोडेटा मागतो. शॉप फ्लोअरवर मराठी-हिंदी चालतं, सूचनांचे फलक मराठीत लागतात, सेफ्टीची शपथ मराठीत घेतात, मग अर्जच तेवढा इंग्रजीत का हवा? ज्या कामाला इंग्रजी ड्रॉइंग वाचावं लागतं, तिथे ड्रॉइंग पुढे ठेवा आणि वाचून घ्या. ते त्या जुन्नरच्या मुलाला येत होतं. त्याला येत नव्हतं ते ‘परिणामाभिमुख’ इंग्रजी, आणि ते आमच्या कुठल्याच मशिनला लागत नाही. आयटीआयच्या अभ्यासक्रमात एम्प्लॉयेबिलिटी स्किल्स हा विषय आहे. बायोडेटा लिहिणं त्यातच येतं. त्या तासाला मुलांना नमुना उतरवून घ्यायला न लावता एकमेकांची मुलाखत घ्यायला लावली, ‘तू काय केलंस, कसं केलंस, काय बिघडलं होतं’ असे प्रश्न विचारून उत्तरं मराठीत लिहून काढायला लावली, तर निम्मं काम तिथेच होईल. इंग्रजी नंतर कुणीही करून देईल.

पैसे देणारच असाल, तर आधी एवढंच विचारा, ‘तुम्ही मला काय काय विचारणार?’ ‘जुनी फाइल पाठवा, संध्याकाळी तयार मिळेल,’ असं उत्तर आलं तर तिथून उठा. ‘कॉल येण्याची गॅरंटी’ म्हणणाऱ्याच्या तर वाटेलाही जाऊ नका. नोकरी कंपनी देते, बायोडेटा लिहिणाऱ्याच्या हातात ती नसते. तयार कागद हाती आला की प्रत्येक ओळ मोठ्याने वाचा. ज्या ओळीवर तुम्हाला पाच मिनिटं बोलता येत नाही, ती स्वतःच्या हाताने खोडा, पैसे दिलेले असले तरी खोडा.

आणि माझ्या भरती खात्यातल्या मित्रमैत्रिणींना कळकळीची विनंती. पुढच्या जाहिरातीत ऑपरेटर, फिटर, वेल्डर, हेल्पर, स्टोअर असिस्टंट या जागांखाली एक ओळ वाढवा, ‘अर्ज मराठीत चालेल, हाताने लिहिलेलाही चालेल.’ याला मॅनेजमेंटची मंजुरी लागत नाही, जास्तीचा खर्चही नाही.