दसऱ्याची अश्वपूजा आणि वर्षभराची अश्वसेवा

आश्विन मासाचे नावच मुळी अश्विनी नक्षत्रावरून आले, आणि त्या नक्षत्राची देवता म्हणजे अश्वरूपिणी संज्ञेच्या पोटी जन्मलेले देववैद्य अश्विनीकुमार. अश्व आणि वैद्य यांची सांगड आपल्या पूर्वजांनी महिन्याच्या नावातच घालून ठेवली आहे. या महिन्याच्या शुद्ध दशमीस घरोघर शस्त्रांची, अवजारांची, वाहनांची पूजा होते, आपट्याचे सोने वाटले जाते, आणि ज्यांच्या दारी घोडा आहे ते त्यास न्हाऊ घालून, कपाळी कुंकू रेखून, गळ्यात झेंडूची माळ घालतात. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात या दिवसाचा थाट काही वेगळाच. देऊळगाव राजास श्रीबालाजीचा आश्विनातील उत्सव. आणि जवळच सिंदखेड राजा, घोडदळाच्या बळावर नावारूपास आलेल्या जाधवरावांचे गाव, जिजाऊंचे माहेर. घोड्याचे कौतुक या मातीला नवे नाही.

परंतु वाचकहो, आज मला बोलावयाचे आहे ते पूजेच्या दिवसाविषयी नव्हे, तर उरलेल्या ३६४ दिवसांविषयी.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाची कर्तव्ये सांगणारा एक स्वतंत्र अध्याय आहे. त्यात आरंभी येते ती घोड्यांची नोंद: कूळ, वय, वर्ण, खुणा, कोठून आला ते सर्व. मग अश्वशाला कशी असावी, प्रत्येक घोड्यास जागा किती, पायाखालची भूमी कशी, मलमूत्र वाहून जाण्याची सोय कोणती. घोडी व्याली की तीन दिवस तिला काय द्यावे, शिंगराला काय द्यावे. ऋतूप्रमाणे आहार कसा बदलावा हे वैद्याने सांगावे. त्याच्या हयगयीने व्याधी वाढली तर दंड, आणि घोडा दगावला तर त्याचे मोल वसूल. आणखी एक तरतूद मला फार हृद्य वाटते. युद्धाने, रोगाने वा जरेने थकलेल्या, कामातून गेलेल्या घोड्यांनाही राजाने अन्न द्यावयाचे आहे. आणि हे सर्व सांगून झाल्यावर, अगदी अखेरच्या श्लोकांत, दोन वेळचे स्नान, गंध, माला, आणि आश्विनातील नवमीस नीराजन, म्हणजे ओवाळणी. पूजा आहे, पण ती अध्यायाच्या शेवटी आहे. आम्ही मात्र शेवटचा श्लोक तेवढा उचलला आणि वरचा अध्याय सोडून दिला.

त्याचा परिणाम कोणत्याही लग्नसराईत पाहावा. आमच्या वऱ्हाडात परण्या निघतो, नवरदेव घोड्यावर बसतो, ही शोभा मलाही प्रिय आहे. पण आता पुढे छाती हादरविणारे ध्वनिवर्धक, पायाशी फटाक्यांच्या लडी, आणि त्या कल्लोळात घोड्याने ‘नाचावे’ ही हौस. घोडा नाचत नसतो. तो पळू पाहतो आणि लगाम त्याला पळू देत नाही. या ओढाताणीलाच आपण नृत्य म्हणतो. कित्येकदा त्या लगामाची कडी काटेरी असते. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये एक मोकळी, बिनदातांची जागा निसर्गाने ठेवलेली आहे. कडी तेथे बसते. तेथे हाडावर पातळ कातड्याखेरीज काही नाही. मानेवर बसलेली माशी ज्याला कळते, त्या प्राण्याच्या तोंडात आपण काटे घालतो, आणि तोंडातून गळणाऱ्या तांबूस फेसाकडे, अंगावर अक्षता पडत असताना, कोणाचेच लक्ष नसते. भारवाहू व ओढकामाच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनी असा काटेरी लगाम निषिद्ध ठरविला आहे. किती यजमानांना हे ठाऊक आहे?

घोडेवाल्यास विचारले तर तो म्हणतो, “महाराज, जनावर द्वाड आहे, काटा नसेल तर आवरत नाही.” या उत्तराचाच विचार केला पाहिजे. घोडा द्वाड कशाने होतो?

घोडा हा मूळचा मोकळ्या रानात कळपाने राहणारा, हिंस्र श्वापदांचे भक्ष्य असलेला प्राणी. शिंगे नाहीत. त्याचे शस्त्र एकच, पलायन. त्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. दिसत नाही ते नेमके कपाळापुढचे थोडे आणि पाठीमागचे थोडे. अजाण मनुष्य एकदम समोरून तोंडावर हात नेतो किंवा मागून येऊन पुठ्ठ्यावर थाप मारतो, आणि घोडा दचकला की त्याला खोडकर ठरवितो. त्यात त्याला एकट्याला कोंडले, अगाडी-पिछाडी आवळून दिवसभर उभे केले, की भीती साठत जाते. चावणे आणि लाथ मारणे ही त्या भीतीची भाषा आहे. त्या भाषेला चाबकाने उत्तर दिले, तर त्याने ओळखलेला शत्रू खराच निघाला, एवढेच त्याला कळते.

या संबंधात आमच्या जिल्ह्यातील आबालवृद्धांस पाठ असलेली एक कथा आठवते. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाच्या नवव्या अध्यायात गोविंदबुवा टाकळीकरांच्या घोड्याची हकीकत आहे. बुवा कीर्तनकार, म्हणजे आमच्याच पंथाचे. त्यांचा घोडा असा की, जवळ येईल त्याला चावावे, मागे जाईल त्याला झाडावे. दोरखंड पुरत नाही म्हणून लोखंडी साखळ्या. शेगावी मोट्यांच्या शिवालयात कीर्तन झाले, घोडा बाहेर बांधलेला. रात्री बुवांना जाग आली ती घोड्याच्या धिंगाण्याने नव्हे, त्याच्या शांततेने. उठून पाहतात तो गजानन महाराज घोड्याच्या चारी पायांमध्ये खुशाल निजलेले, मुखाने भजन चाललेले, आणि घोडा मेंढरासारखा स्वस्थ. पुढे त्या घोड्याला साखळीची गरज राहिली नाही.

ही संतांची लीला आहे. तिला शिकवणुकीच्या तंत्रात कोंबण्याचा माझा हेतू नाही. (आणि कोणी भाविकाने घोड्याच्या पायांत निजण्याचा प्रयोगही करू नये.) तरीपण कथेतील जागा पाहा. महाराजांनी साखळी आवळली नाही, चाबूक मागविला नाही. घोड्याला ज्या स्थळी माणसाची सर्वाधिक भीती वाटते, त्या पायांपाशी ते निःशस्त्र आणि निर्भय होऊन राहिले. ज्याच्या अंतरी क्षोभ नाही त्याच्या सान्निध्यात घोड्याचाही क्षोभ ओसरतो, ही गोष्ट आजचे अश्वशिक्षकही सांगतात. अमेरिकेत टॉम डॉरन्स, रे हंट आदी मंडळींनी गेल्या शतकात घोडा ‘मोडण्याची’ जुनी रीत टाकून त्याच्या स्वभावाच्या कलाने शिकविण्याची पद्धत रूढ केली. ग्रीक सेनानी झेनोफनने तर ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकातच बजावले होते की, रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये. आणि बळजबरीने करून घेतलेली चाल ही चाबकाने नाचविलेल्या नर्तकाइतकीच कुरूप असते. आमच्या वरातींस हे वचन ऐकवावेसे वाटते.

कीर्तनानिमित्त फिरत असता पैनगंगेकाठच्या एका गावी पाच घोडी पाळणारा एक अश्वपाल मी पाहिला. शाळा दोन-चार यत्तांची. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतून आणलेली एक अडीच-तीन वर्षांची बुजरी घोडी तो शिकवीत होता. मोकळे कुंपण, हातात एक सैल दोर. तो तिच्यामागे धावत नव्हता. ती दूर पळाली तर पळू देई. थांबून तिने कान त्याच्याकडे वळविले की हा नजर खाली करून पाठ फिरवी आणि उभा राही. अर्ध्या-पाऊण तासाने ती आपण होऊन त्याच्या खांद्याशी आली. त्याने मानेला, आयाळीच्या मुळाशी हात लावला, आणि ती स्वस्थ होताच हात काढून घेतला. मी विचारले, “बापू, जवळ आली तर मग सोडली का?” तो म्हणाला, “बुवा, हात ठेवला यानं ती शिकत नाही. बरोबर वेळी काढला यानं शिकते.” या एका वाक्यात सगळी विद्या आली. दोर ताणला आणि घोडी एक पाऊल पुढे आली, त्याच क्षणी दोर सैल झाला पाहिजे. तेच तिचे बक्षीस. जो पाऊल टाकल्यावरही ओढीतच राहतो, तो घोड्याला शिकवितो एवढेच की, ऐकण्यात काही लाभ नाही. ती मान खाली घालून ओठ चाटू-चघळू लागली की त्या दिवसाचा पाठ संपला, असा त्याचा नेम. पाचांमधील एक वयस्क घोडी सर्वांची पुढारीण होती. नवख्या घोडीला पाण्यावर, रस्त्यावर, पुलावर तो प्रथम तिच्यामागून नेई. तिने भ्यायचे नाही म्हटले की बाकीची भीत नसत. तोबरे मात्र प्रत्येकीचे वेगळे आणि अंतर राखून, नाहीतर दुबळीची चंदी दांडगी खाते.

कळपाच्या या स्वभावाचे दर्शन आपणां सर्वांस दरवर्षी घडते, पण आपण ते ओळखत नाही. आळंदीच्या पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दोन अश्व येतात. सुमारे ३०० किलोमीटर चालून ते आळंदीस पोहोचतात. एकावर पताका घेतलेला स्वार, दुसरा माउलींचा, त्याची पाठ रिकामी. रिंगणात लक्षावधी माणसांच्या कड्यातून तो स्वाराविना धावतो. त्याच्या पाठीवर माउली आहेत ही आपली श्रद्धा. आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर सोबत्याच्या विश्वासाने धावणाऱ्या, माणसाची भीती उरलेली नसलेल्या घोड्याखेरीज हे कोणाला साधणार?

कीर्तनात आम्ही कठोपनिषदातील रथाचा दृष्टान्त नेहमी देतो: शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रिये घोडे. श्रोते पुष्कळदा असे समजतात की घोड्यांना दाबून टाकणे हाच पुरुषार्थ. उपनिषद तसे म्हणत नाही. तेथे दोन सारथी आहेत. एकाचे घोडे दुष्ट, दुसऱ्याचे सज्जन. घोडे मारून कोणीच मुक्कामाला पोहोचत नाही.

आणि खरा सारथी कसा असतो हे पाहावयाचे तर द्रोणपर्वात जावे. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध, नाहीतर अग्निप्रवेश, ही अर्जुनाची प्रतिज्ञा. घटका-पळे मोजली जात आहेत, सूर्य पश्चिमेकडे झुकतो आहे, जयद्रथ अजून दूर. अशा वेळी अर्जुन म्हणतो, घोडे थकले आहेत, बाणांनी विद्ध झाले आहेत. तो स्वतः रथाखाली उतरून पायी लढतो, शत्रूसेना एकट्याने थोपवून धरतो, बाणाने भूमी भेदून पाणी काढतो, बाणांचेच घर उभारतो. आणि भगवान श्रीकृष्ण काय करतात? घोडे सोडतात. त्यांच्या अंगातील बाण स्वहस्ते उपटतात, अंग चोळतात, लोळू देतात, पाणी पाजतात, चारा घालतात, आणि श्रम उतरल्यावरच पुन्हा जुंपतात. व्यासांनी तेथे त्यांना अश्वकर्मात निष्णात म्हटले आहे. गीता सांगणारा हात तो हाच, खरारा करणारा. अर्जुनाच्या प्राणावर बेतलेले असता भगवंतांना घोड्यांसाठी वेळ होता. आम्हांला मुहूर्त टळेल म्हणून वरातीतल्या घोड्याला घोटभर पाणी दाखवायला वेळ नसतो.

शिवछत्रपतींचे चिपळूण भागातील लष्करी अधिकाऱ्यांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला काडीचाही त्रास देऊ नका, हा त्यातला भाग सर्वांना ठाऊक असतो. पण त्याच पत्रात घोड्यांचा दाणा-गवत जपून वापरा, आताच उधळाल तर पावसाळ्यात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल, अशी ताकीद आहे. गवताच्या गंजीजवळ दिवा-विस्तव नको, हेही आहे. जिजाऊंच्या पुत्राला कडब्याचा हिशेब करणे कमीपणाचे वाटले नाही.

आता भाविक घरांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण ती आपल्या भक्तीतूनच घडते. पालखीचा किंवा उत्सवाचा अश्व दारी आला की आपण त्याला पुरणपोळी, पेढे, लाडू, भिजविलेली डाळ भरवितो. देवाचा घोडा म्हणून शंभर घरे भरवितात. घोड्याचे जठर देहाच्या मानाने लहान असते आणि त्याला ओकता येत नाही. दिवसातले पंधरा-सोळा तास थोडेथोडे गवत खाण्यासाठी घडविलेले ते पोट आहे. एकदम पडलेल्या धान्याने, गोडाने पोटशूळ उठतो आणि तो घोड्याच्या प्राणांवर बेततो. नैवेद्य दाखवावयाचा असेल तर मूठभर हिरवे गवत दाखवावे, आणि स्वच्छ पाण्याची बादली ठेवावी. मोठ्या घोड्याला दिवसाला २० ते ४० लिटर पाणी लागते. झेंडूची माळही ओवाळणी होताच काढून घ्यावी.

ज्यांच्या घरी यंदा कार्य आहे त्यांनी घोडा ठरविताना भाड्याआधी लगामाची कडी हातात घेऊन पाहावी, ओठांचे कोपरे आणि खोगिराखालची पाठ पाहावी. जखम असेल तर दुसरा घोडा पाहावा आणि का नाकारला ते घोडेवाल्यास सौम्यपणे सांगावे. तो गरीब आहे, त्याचे पोट त्यावर आहे. काटा काढल्याने गिऱ्हाईक वाढते हे त्याला दिसले तर तो उद्याच काढील. ध्वनिवर्धक घोड्याच्या पुढे नसावा, फटाके तर नसावेतच. सनई-चौघड्यावर चालणारा घोडा आजही तितकाच देखणा दिसतो.

उत्सवाच्या मंडळींस एक विनंती. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. सहा ते आठ आठवड्यांनी तो साळावा लागतो, आणि लहान गावांत नालबंद मिळणे दुर्घट झाले आहे. आश्विनातील यात्रेच्या निमित्ताने पंचक्रोशीतील घोडी एकत्र येतातच. त्या नवमीस, नीराजनाच्या आदल्या प्रहरी, मंदिराच्या आवाराबाहेर एक पशुवैद्य आणि एक नालबंद बसवावा. त्यांची दक्षिणा देवस्थानाने द्यावी. म्हाताऱ्या, काम सुटलेल्या घोड्यांनाही तेथे आणावे, आणि प्रत्येकामागे कडब्याची एक पेंढी प्रसाद म्हणून द्यावी. त्या दिवशी माझे कीर्तन असेल तर बिदागीतील पहिला वाटा या कडब्यासाठी धरावा.