वेष्टनावरील ‘वैद्यकीय देखरेख’ कोणाची?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनपट्ट्यात बिबा ठाऊक नसलेला माणूस विरळाच. जंगलातून बिबे गोळा करणाऱ्यांच्या हातांवर, चेहऱ्यावर बिबा उतलेला आपण सर्वांनीच पाहिला आहे आणि खोबरेल लावून त्यांची आग शमविली आहे. अशा प्रदेशात व्यवसाय करणाऱ्या वैद्याने भल्लातकयुक्त औषध एका अनोळखी ग्राहकाकडे पार्सलने पाठवावे आणि त्याचा सेवनविधी सांगण्याचे विसरावे, यासारखा प्रमाद नाही. तो आमच्याच औषधालयाकडून घडला. त्यातून जे शिकलो ते समव्यवसायी बंधुभगिनींपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

हकिकत थोडक्यात अशी. पुणे जिल्ह्यातील एका गृहस्थांनी ऑनलाइन मागणी नोंदवून भल्लातकावलेहाची एक बाटली मागविली. किंमत ४८० रुपये. निर्माता परवानाधारक होता, मुदत शिल्लक होती, बिल रीतसर होते. दिवस वैशाखाचे. गृहस्थ पित्तप्रकृतीचे, तिखट खाणारे, उन्हात हिंडणारे. दूध-तुपाचे अनुपान त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. अंगावर पुरळ उठले, दाह सुरू झाला. त्यांनी दूरध्वनी केला, तेव्हा आमच्या सहायकाने ‘फोडलेली बाटली परत घेत नाही’ एवढेच उत्तर दिले. पुढे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाची नोटीस हाती पडली. औषधाची किंमत, उपचारखर्च आणि मनस्तापाची भरपाई अशी मागणी होती.

आमची पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगतो. ‘चारशे ऐंशी रुपयांसाठी पुण्याला कोण जातो?’ असे म्हणून नोटीस आम्ही खणात टाकली. अकरा दिवस असे गेले. हाच पहिला आणि सर्वांत महागात पडू शकणारा दोष. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला आणि ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याचा हक्क मिळाला. मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी जबाब द्यावा लागतो. आयोग फार तर आणखी पंधरा दिवस वाढवून देतो. जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये हिली मल्टिपर्पज कोल्ड स्टोरेज प्रकरणात स्पष्ट केले की, पंचेचाळीस दिवसांपलीकडे मुदत वाढविण्याचा अधिकार आयोगाला नाही. जबाब न दिल्यास प्रकरण एकतर्फी चालते आणि मग आपली बाजू कितीही खरी असली तरी ती ऐकण्यास कोणी उरत नाही. पुण्याला प्रत्येक वेळी जावेच लागते असेही नाही. दूरदृश्य प्रणालीद्वारे सुनावणीची विनंती करण्याची सोय कायद्यातच आहे.

विधिज्ञांकडे गेलो तेव्हा आमचा सारा भरवसा वेष्टनावर होता. भल्लातक हे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१) मधील द्रव्य. त्यामुळे ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना वेष्टनावर ठळक छापलेली होती. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने बाटली त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली आणि एकच प्रश्न विचारला : ‘देखरेख कोणाची होती?’

आम्ही निरुत्तर झालो. जी ओळ आमची ढाल होईल असे वाटले होते, तीच तक्रारदाराचा पुरावा होती. निर्माता देखरेख आवश्यक म्हणतो आणि विक्रेता स्वतः वैद्य असूनही ग्राहकाचे वयसुद्धा विचारत नाही! निर्मात्याच्या सूचना व धोक्याचे इशारे ग्राहकापर्यंत न पोहोचविल्यामुळे हानी झाली, तर विक्रेत्यावर उत्पादनदायित्व येऊ शकते, असे याच कायद्याचे कलम ८६ सांगते. ग्राहकाने औषधाचा गैरवापर केला असेल तर विक्रेत्याला बचाव आहे. पण योग्य वापर कोणता हे आपण सांगितले होते, याचा कागद आपल्याजवळ नसेल तर गैरवापर सिद्ध कशावरून करावयाचा? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही २०२२ मध्ये ऑनलाइन विक्रीमंचांना बजावले आहे की, ई(१) द्रव्ये असलेली औषधे वैध चिकित्सापत्राची खातरजमा करूनच विकावीत.

आम्ही एकोणतिसाव्या दिवशी जबाब दाखल केला. त्यात औषधाच्या निर्दोषत्वाचे कागद जोडले आणि सल्ला न दिल्याची चूक मान्य केली. दोन्ही पक्षांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे गेले. औषधाची किंमत, उपचारखर्च आणि एक माफक रक्कम देऊन ते मिटले. हे पैसे आम्हाला जड वाटले नाहीत. तो दूरध्वनी आला त्याच दिवशी दिलगिरी व्यक्त करून पथ्य सांगितले असते तर नोटीसच आली नसती, ही जाणीव मात्र जड आहे.

काही सहकारी म्हणतात, अशा तक्रारी म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा आहे. काही तक्रारी खोट्या असतात, हे आम्हीही नाकारत नाही. परंतु खोट्या तक्रारीतही तारून नेणारे कागद तेच असतात. दुसरे सहकारी म्हणतात, ही विक्रीच बंद करावी. तेही आम्हास मान्य नाही. सिरोंचा-भामरागडहून येणाऱ्या रुग्णाचा एका खेपेत अख्खा दिवस जातो. त्याला पुढील महिन्याचे औषध घरपोच मिळाले तर ती सेवाच आहे. तत्कालीन भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने २०२० मध्ये दूरचिकित्सेची मार्गदर्शक तत्त्वेही दिली आहेत. दोष पार्सलात नाही. रुग्ण न पाहता पाठविलेल्या पार्सलात आहे.

म्हणून आमच्या औषधालयात आता काही नियम पाळले जातात. ई(१) द्रव्ययुक्त औषध रुग्णपत्रिका झाल्याशिवाय बाहेर पडत नाही. प्रत्येक पार्सलात मात्रा, अनुपान, पथ्यापथ्य व निषेध सांगणारा मराठी कागद असतो आणि त्याची प्रत बिलासोबत जपली जाते. बिलावर बॅच क्रमांक असतो. प्रत्येक बॅचची एक मोहोरबंद बाटली मुदत संपेपर्यंत राखून ठेवली जाते, कारण वाद उद्भवल्यास आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत आणि निवारण महिन्याभरात, हा २०२० च्या ई-वाणिज्य नियमांतील दंडक आम्ही भिंतीवर लावला आहे.

घरी औषधे सिद्ध करणाऱ्या वैद्यांना एक इशारा अधिक. निर्मितीच्या परवान्यातून कायद्याने वैद्याला दिलेली सूट केवळ ‘स्वतःच्या रुग्णांपुरती’ आहे. संगणकावरून मागणी नोंदविणारा अनोळखी ग्राहक आपला रुग्ण नव्हे. त्याला घरचे चूर्ण पाठविणाऱ्याचा बचाव पहिल्याच प्रश्नाला कोसळेल.

आपल्या संघटनेने सर्व सभासदांसाठी रुग्णपत्रिकेचा व पथ्यपत्रकाचा एकच नमुना छापावा, आणि नोटीस येताच सल्ला देणारा एखादा विधिज्ञ दोन्ही जिल्ह्यांसाठी नेमावा, अशी आमची सूचना आहे. गडचिरोलीच्या टोकाला एकट्याने दवाखाना चालविणाऱ्या वैद्याला तीस दिवस फार थोडे असतात.

चरकसंहितेने भल्लातकाला अग्नीची उपमा दिली आहे; विधीने योजल्यास तोच अमृतासमान ठरतो, असेही सांगितले आहे. तो विधी सांगणे हे आपले काम आहे. बाटलीवरील छापील ओळ ते आपल्याऐवजी करू शकत नाही.