नेमबाजांची बाजू आणि डनब्लेनची मुले

१३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधील डनब्लेन या छोट्या गावातील प्राथमिक शाळेत एका इसमाने १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिका यांना गोळ्या घालून ठार केले आणि नंतर स्वतःवर गोळी झाडून घेतली. मुले पाच-सहा वर्षांची होती. त्याच्याजवळची चारही पिस्तुले-रिव्हॉल्व्हर परवान्याची होती. कागदोपत्री तो एक हौशी नेमबाज होता.

ब्रिटनमध्ये त्यानंतर पिस्तूलबंदीची जी मागणी उठली, तिला उत्तर देण्याची पाळी ज्यांनी कधी कुणाचे वाकडे केले नव्हते अशा हजारो नेमबाजांवर आली. एकीकडे ‘स्नोड्रॉप’ या नावाने निघालेले, सात लाखांवर सह्यांचे निवेदन. मार्चात डनब्लेनमध्ये फुलणाऱ्या फुलाचे ते नाव. दुसरीकडे क्लबांचे सदस्य, बंदुकांचे व्यापारी, ऑलिंपिकची स्वप्ने पाहणारे खेळाडू.

या मंडळींचा मुख्य मुद्दा खोटा नव्हता. त्या इसमाविषयी पोलिसांतल्याच एका अधिकाऱ्याने १९९१ मध्ये, त्याचा परवाना काढून घ्यावा असे लेखी कळवले होते. वरिष्ठांनी ते मानले नाही आणि परवान्याचे नूतनीकरण होत राहिले. कायदा होता, तो राबवला गेला नाही, असे नेमबाज म्हणत. मी उभी हयात बँकेत कर्जाची प्रकरणे तपासण्यात घालवली, त्यामुळे हे दुखणे मला परके नाही. फाइलमधले सगळे कागद बरोबर असतात आणि समोरचा माणूस मात्र कुणी पाहिलेलाच नसतो. पण नेमबाजांच्या ध्यानात एक गोष्ट आली नाही. परवाना देणारी यंत्रणाच असा माणूस ओळखू शकत नाही, हे एकदा तुम्हीच सिद्ध केलेत, की सामान्य बाप म्हणणार, मग पिस्तूलच कशाला हवे?

त्यात राजघराण्यातील प्रिन्स फिलिप यांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात आकाशवाणीवर क्रिकेटच्या बॅटचा दाखला दिला. बॅट घेऊन कुणी शाळेत शिरला तर बॅटवर बंदी घालणार का, असा त्याचा आशय. तर्क म्हणून तो चालेलही, पण ताज्या थडग्यांशेजारी उभे राहून असा तर्क करायचा नसतो. नेमबाजांची बाजू त्याने बळकट झाली असे म्हणवत नाही.

चौकशी करणाऱ्या लॉर्ड कलन यांनी सरसकट बंदीला अग्रक्रम दिला नव्हता. वापरात नसताना हत्याराचा भाग काढून ते निकामी ठेवावे, असा मार्गही त्यांनी सुचवला होता. हुजूर पक्षाच्या सरकारने पॉइंट बावीसपेक्षा मोठी पिस्तुले बंद केली, लहान तेवढी क्लबच्या तिजोरीत राहू दिली. तडजोड वाईट नव्हती. पण मे १९९७ मध्ये सरकार बदलले आणि मजूर पक्षाने वर्ष संपण्याआधी तीही बंद केली. सुमारे १ लाख ६२ हजार हत्यारे भरपाई घेऊन जमा झाली. पुढे मँचेस्टरच्या २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी पिस्तुलांना खास सवलत द्यावी लागली. ब्रिटिश पिस्तूलबाजांना तर सरावासाठी परदेशाची वाट धरावी लागे. (आपल्या अंजली भागवत यांची त्या स्पर्धांतील चार सुवर्णपदके रायफलची. रायफलवर ही बंदी नव्हती.)

नेमबाजांवर अन्याय झाला का? झाला. तरीही त्या देशाने निवड केली ती मला चुकीची वाटत नाही. छंदाची भरपाई करता येते.

आपल्याकडे २०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्ती विधेयकात एका माणसाला तीनऐवजी एकच हत्यार, असा प्रस्ताव होता. हरकती आल्या आणि मर्यादा दोनवर थांबली. खेळाडूंचा मामला सरकारने वेगळा ठेवला. २०२० च्या आरंभी निघालेल्या अधिसूचनेने त्यांची मुभा उलट वाढवली. नेमबाजांनी स्वतःपुरते मागितले आणि ते मिळाले. या सगळ्यात एका कलमाकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. म्हणजे माणूस पुन्हा तपासायची वेळ आता दोन वर्षे उशिरा येते.